कर नाही, तरी डर

माझे मामा एसटीत वाहक होते. वाई आगारात तीस वर्षं काढली. पुढच्या टप्प्याचं तिकीट न घेता गपचूप बसून राहिलेला प्रवासी आपल्याला पाठमोरासुद्धा ओळखू येतो, असा त्यांचा दावा असे. कसा, असं विचारलं की सांगत, "त्याचा थांबा आला की तो खिडकीबाहेर बघायला लागतो. आणि उगाच घसा खाकरतो बघ."

निवृत्तीनंतर एका लग्नासाठी ते पहिल्यांदा विमानात बसले. पुणे ते दिल्ली, मी बरोबर होतो. सुरक्षा तपासणीच्या रांगेत दर दोन मिनिटांनी खिशातून बोर्डिंग पास काढून बघणं चाललं होतं. मानेवरचा घाम ओघळून कॉलर भिजली होती. पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवायला लावला तेव्हा एका हाताने पँट धरून उभे राहिले, आणि सीआयएसएफचा जवान काही म्हणायच्या आत दोन्ही हात वर. (पँटचं पुढे काय झालं ते इथे सांगत नाही.) पोरगेलासा जवान हसून म्हणाला, "अंकल, आराम से." मामा काचेपलीकडच्या विमानाकडे बघत घसा खाकरत होते.

अमेरिकेतल्या विमानतळांवर या खाकरण्याला गुण होते. खरोखरचे गुण, आकड्यांत. तिथल्या टीएसए या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने २००३ पासून चाचण्या घेऊन २००७ पासून देशभर 'स्पॉट' नावाचा कार्यक्रम राबवला. रांगेतल्या माणसांचे चेहरे आणि हालचाली बघून कोणाच्या मनात काळंबेरं आहे ते हेरायचं, हे त्यातल्या अधिकाऱ्यांचं काम. त्यांची गुणपत्रिका २०१५ मध्ये फुटली आणि जगाने वाचली. वारंवार जांभया, जवळ येताना शिट्टी वाजवणं, घसा खाकरणं, विमानाला उशिरा पोहोचणं, नुकतीच दाढी उतरवल्यासारखा फिकट चेहरा, तपासणीबद्दल कुरकुर. ठरावीक बेरीज झाली की माणूस बाजूला. वजा गुणही होते. नवरा-बायको वाटणारी जोडी, दोघंही पंचावन्नच्या पुढचे, तर दोन गुण कमी. म्हणजे मामी बरोबर असत्या तर मामांचं थोडं तरी भागलं असतं.

हाती काय लागलं, ते अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मोजलं. मे २००४ ते ऑगस्ट २००८ या काळात सुमारे १ लाख ५२ हजार लोकांना बाजूला घेतलं गेलं, त्यातून अटक झाली १,०८३ जणांना. अटकेचं सर्वांत मोठं कारण होतं बेकायदा वास्तव्य. त्याखालोखाल जुनी वॉरंटं आणि खोटी कागदपत्रं. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, त्या दहशतवादी कटांशी पुढे नाव जोडलं गेलेल्यांपैकी किमान १६ जण याच विमानतळांवरून २३ वेळा सुखरूप ये-जा करून गेले होते. २०१३ च्या अहवालात या कार्यालयाने सांगून टाकलं की कार्यक्रमावर २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले आहेत आणि वागणुकीवरून खोटेपणा ओळखण्याची माणसाची ताकद नाणेफेकीपेक्षा जेमतेम वरचढ आहे, तेव्हा यापुढे पैसे देताना हात आखडता घ्या.

मी मामांना एकदा विचारलं होतं, तुमच्या नजरेतून सुटले असे किती? ते हसले. "ते उतरून गेले की रे. त्यांची कुठं नोंद असते?"

माणसाचा डोळा कमी पडतो, तर यंत्राचा लावू, ही पुढची पायरी. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने 'फास्ट' नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्याच्या आधीच्या अवताराचं नावच मुळी 'वैरभावाचा हेतू' अशा अर्थाचं होतं. माणसाला हात न लावता लांबूनच त्याची नाडी, श्वासाची लय, चेहऱ्याचं तापमान, डोळ्यांची हालचाल टिपायची आणि त्यावरून त्याच्या मनातला 'दुष्ट हेतू' काढायचा. पायांची चुळबुळ मोजायला निन्टेंडोच्या व्हिडिओ गेमची पाटी वापरली होती, ती पोरं उभी राहून खेळतात ती. २००८ मध्ये मेरीलँड राज्यात स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. २०११ मध्ये ठिकाण गुप्त ठेवून प्रत्यक्ष वापराची चाचणी झाल्याची बातमी आली. प्रयोगशाळेतली अचूकता सत्तर टक्क्यांच्या आसपास सांगितली जात होती.

पण हे सत्तर टक्के कशाचे? प्रयोगात दुष्ट हेतू आणायचा कुठून? काही स्वयंसेवकांना सांगितलं गेलं की तुम्ही आडपडद्याने, संशयास्पद वागा. म्हणजे यंत्राने ओळखले ते नट. ज्याला कोणीतरी नाटक करायला सांगितलंय असा भला माणूस आणि स्फोटकं घेऊन निघालेला, कदाचित मरणाला तयार होऊन शांत झालेला माणूस, या दोघांची नाडी एकसारखी पळते असं मानायला आधार काय? बॉम्ब लावायला निघालेल्या शंभर जणांना रांगेत उभं करून कोणी यंत्र शिकवलेलं नाही. तसं करताही येत नाही.

आपल्याकडे अशा विषयावर वाद निघाला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हण टाकतो: कर नाही त्याला डर कशाला? मला या म्हणीशीच भांडायचं आहे. ही सगळी यंत्रं मोजतात ती 'डर'. घाम, ठोके, बुबुळं, चुळबुळ, सगळी भीतीची लक्षणं. 'कर' त्यांना दिसतच नाही. मधला पूल ही म्हण बांधते: जो घाबरला तो गुन्हेगार, जो शांत तो साव. एवढ्या एका भाबड्या समजुतीवर कोट्यवधींची यंत्रणा उभी आहे. आणि म्हण खोटी आहे, हे आपल्या घरातल्या कोणालाही ठाऊक असतं. पासपोर्टच्या पडताळणीसाठी पोलीस दारात आला की आईचा आवाज बदलतो. नाकाबंदीत कागद सगळे जवळ असूनही हात खिशात चाचपडतो. डॉक्टरकडे गेल्यावर रक्तदाब वाढतो, याला तर वैद्यकात वेगळं नाव आहे. चेहऱ्यावरून भावना वाचण्याचा दावा तपासून पाहणारा एक मोठा आढावा पाच शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, हजारावर शोधनिबंध चाळून. राग आला म्हणून माणूस कपाळाला आठ्या घालतोच असं नाही, आणि आठ्या घातल्या म्हणजे रागावलाच आहे असंही नाही, असा त्याचा गोषवारा. आजीला विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं, फक्त तिचं कोणी छापलं नसतं.

आता कोणी म्हणेल, यंत्रं सुधारतील. सुधारोत. हिशेब तरीही जुळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००३ मध्ये लाय डिटेक्टरबद्दल एक गणित मांडलं होतं. दहा हजार कर्मचारी आहेत, त्यांत दहा हेर. यंत्र बऱ्यापैकी चांगलं आहे असं धरू आणि दहांपैकी आठ हेर सापडतील इतकी त्याची खुंटी पिळू. तर यंत्र १,६०६ जणांकडे बोट दाखवेल. त्यांत हेर आठ. उरलेले १,५९८ निरपराध. आणि दोन हेर तरीही निसटलेलेच. आपण आणखी उदार होऊ. शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर असं, जगात कुठेही नसलेलं यंत्र मुंबईत एका मोठ्या स्थानकावर बसवू. तिथून रोज दहा लाख माणसं जातात असं धरू. वाईट माणूस त्यात एकही नसला तरी यंत्र रोज दहा हजार वेळा वाजणार. दहा हजार! आठ सेहेचाळीसची लोकल पकडायला धावणारी माणसं, छातीचे ठोके वर, शर्ट भिजलेला, नजर इंडिकेटरवर. प्रत्येकाला बाजूला घेऊन पाच मिनिटं बोलायचं तर किती पोलीस लागतील? होईल असं की आठवडाभरात हवालदार त्या आवाजाकडे लक्ष देणं सोडून देईल. किंवा दहा हजारांतून कोणाला थांबवायचं ते स्वतःच्या अंदाजाने ठरवेल. आणि त्याचा अंदाज काय सांगतो, हे आपल्या समाजाला चांगलं माहीत आहे.

भीती सगळ्यांना सारखी वाटून दिलेली नाही. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काय केलं हा प्रश्नच नाही, कुठल्या पोटी जन्मला एवढंच बघायचं. नाव नोंदवायचं, पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. पुढे मुंबई इलाख्यातही तो लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. ज्यांनी हा कायदा केला त्यांचीही आपल्या परीने एक हेतू ओळखणारी यंत्रणाच होती, फक्त तिला तारा-बटणं नव्हती. त्यांच्याच काळात, १८७६ मध्ये, इटलीत लोम्ब्रोसो नावाचे डॉक्टर कवटीची आणि जबड्याची मापं घेऊन जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं ग्रंथ लिहून सांगत होते. ते तेव्हाचं आधुनिक शास्त्र होतं.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. जमाती 'विमुक्त' झाल्या. मग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या वहीतली नावं फारशी बदलली नाहीत. तुरुंगांच्या नियमावल्यांमधून या जमातींचा सराईत म्हणून केलेला उल्लेख काढायला सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर गाडी जाते, हे मराठवाड्यात कोणालाही विचारा. आता त्या पालावरचा वीस वर्षांचा मुलगा स्थानकाच्या दारात यंत्रापुढे उभा करा. गणवेश दिसताच त्याच्या नाडीचं काय होईल? त्याच्या बापाने, आज्याने जे सोसलं ते त्याच्या ठोक्यांत आहे. यंत्र ते ठोके इमानदारीने मोजेल आणि लाल दिवा लावेल. यंत्राला जात कळत नाही, असं त्याचे विक्रेते अभिमानाने सांगतात. खरंच कळत नाही. म्हणून तर जातीने दिलेली भीती त्याला गुन्ह्याची वाटते.

आणि जो खरा मुरलेला आहे, ज्याला गणवेशाची सवय आहे, ज्याच्या खिशात कोणाचा तरी फोन नंबर आहे, त्याचे ठोके बहात्तरच्या वर जाणार नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच.

कायद्यालाही हेतू कळतो, पण तो हेतूपर्यंत कृतीच्या वाटेने जातो. वर्तमानपत्रात आठवड्याला एक बातमी असते: दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद. बातमीचा साचा ठरलेला. रात्रीची वेळ, निर्जन रस्ता, पाच-सहा जण, आणि जप्त माल: कोयते, नायलॉनची दोरी, मिरचीपूड. नुसत्या तयारीला शिक्षा देणारे गुन्हे आपल्या कायद्यात मोजकेच आहेत, दरोडा त्यांतला एक. पण तिथेही पोलिसांना कोर्टात काहीतरी टेबलावर ठेवावं लागतं. ती मिरचीपूड खरी की चौकीतल्या डब्यातली, हा प्रश्न बचावाचा वकील विचारू शकतो, आणि आरोपी सुटूही शकतात. नाडीच्या ठोक्यांची उलटतपासणी कशी घ्यायची? 'माझ्या मनात तसं काही नव्हतं' हे सिद्ध करायला माणसाने काय पुरावा आणावा?

पुण्यात हे एकदा घडून गेलंय. जून २००८ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोघांना जन्मठेप दिली, आणि निकालात मेंदूच्या विद्युतलहरी मोजणाऱ्या चाचणीचा आधार घेतला होता. डोक्याला ३२ इलेक्ट्रोड लावून, डोळे मिटायला सांगून, वाक्यं ऐकवायची: मी विष विकत घेतलं, वगैरे. ऐकताना मेंदूचा जो भाग उजळतो त्यावरून हा माणूस घटना 'जगलाय' की नुसती ऐकलीय ते कळतं, असा दावा. (तपासात दहा वेळा तेच तेच प्रश्न विचारलेल्या माणसाने ते ऐकलंय की जगलंय, हे मेंदू कसं वेगळं ठेवत असेल, देव जाणे.) त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांवरच्या राष्ट्रीय संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही असं सांगितलं. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की नार्को, लाय डिटेक्टर आणि मेंदूची चाचणी कोणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, आणि मनाचा एकांत हाही स्वातंत्र्याचाच भाग.

हेतू वाचणारा कॅमेरा नेमका या निकालाला बगल देतो. संमती कोण मागतं? तुम्ही फलाटावर आलात हीच संमती. कोठडीतल्या आरोपीला मिळालेलं संरक्षण फलाटावरच्या निरपराध प्रवाशाला नाही, अशी ही गंमत आहे.

आणि हे फार लांबचं नाही. जानेवारी २०२१ मध्ये लखनौ पोलिसांनी छेडछाडीच्या दोनशे ठिकाणी बाईच्या चेहऱ्यावरचा त्रास ओळखून जवळच्या चौकीला खबर देणारे कॅमेरे लावण्याचं जाहीर केलं होतं. हेतू चांगलाच. पण ऊन लागलं, गॅसचं बिल आठवलं, नवऱ्याशी फोनवर भांडण चाललंय, या सगळ्यात बाईचा चेहरा कसा दिसतो? दर वेळी पोलीस येऊन 'काय झालं' विचारणार का? आपल्या राज्याने २०२४ मध्ये पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची 'मार्व्हल' ही कंपनी नागपुरात स्थापन केली आहे. तपासाची कागदपत्रं वाचायला, सायबर फसवणुकीचे धागे जुळवायला अशी साधनं उपयोगी पडू शकतात, त्याला माझी हरकत नाही. झालेल्या गुन्ह्याचा माग काढणं वेगळं आणि न झालेल्याचा माणूस शोधणं वेगळं. पण एकदा यंत्र घरात आलं की दुसऱ्या कामाला लावायला फक्त एक परिपत्रक लागतं. त्यातून २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) कायद्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे.

मुंबईकराचा प्रश्न मला ऐकू येतो. लोकलमधले स्फोट आणि २६/११ ज्यांनी बघितलं त्यांना हे सगळं पुस्तकी वाटेल. एकही जीव वाचणार असेल तर होऊ दे की थोडी गैरसोय. मी हा प्रश्न हसण्यावारी नेत नाही. पण त्या रात्री सीएसटीत शिरलेल्या दोघांच्या हातात एके-४७ होत्या. त्यांचा हेतू ओळखायला कुठलं यंत्र लागत नव्हतं. हल्ल्याचे इशारे आधी येऊन गेले होते. कमी पडला तो त्यांचा पाठपुरावा, कमी पडली शस्त्रं. कसाबला जिवंत पकडून देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती. मला वाटतं, पैसा जायचा तर आधी तिकडे जावा.

बॅगेच्या एक्स-रेला, धातुशोधकाला माझा विरोध नाही, कुत्र्यांच्या पथकाला तर मुळीच नाही. ती वस्तू शोधतात. बॅगेत सुरी आहे की नाही, याचं उत्तर बॅग उघडली की मिळतं आणि यंत्र चुकलं तर जवान सॉरी म्हणून चेन लावून देतो. मनाची चेन अशी उघडून दाखवता येत नाही.

युरोपने यातून अर्धाच धडा घेतला. तिथे 'आयबॉर्डरकंट्रोल' नावाच्या प्रकल्पात २०१६ ते २०१९ या काळात हंगेरी, ग्रीस आणि लाटव्हिया यांच्या सीमांसाठी, पडद्यावरच्या अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या प्रवाशाचा चेहरा वाचून खोटं पकडणारी यंत्रणा करून पाहिली. खर्च ४५ लाख युरो. युरोपीय संसदेच्या एका सदस्याने प्रकल्पाची कागदपत्रं मागितली, तर व्यापारी हितसंबंधांच्या नावाखाली बराच भाग झाकून ठेवला गेला. तो कोर्टात गेला, २०२३ पर्यंत लढला, आणि महत्त्वाचं बरंचसं झाकलेलंच राहिलं. आता युरोपच्या नव्या कायद्याने शाळेत आणि कचेरीत भावना ओळखणारी यंत्रं लावायला बंदी केली आहे, माणसाच्या नुसत्या प्रोफाइलवरून कोण गुन्हा करेल याचं भाकीत करायलाही बंदी आहे. फेब्रुवारी २०२५ पासून ती लागू झाली. मात्र भावना वाचण्यावरची बंदी सीमेवर आणि पोलिसांच्या हातात असताना नाही. तिथे ते फक्त 'जास्त जोखमीचं' समजायचं. विद्यार्थ्याची आणि कारकुनाची भीती खाजगी, निर्वासिताची सरकारी.

हवालदाराची नजरही पक्षपाती असते, मग यंत्र निदान सगळ्यांना एक माप लावेल, असा एक युक्तिवाद शिल्लक राहतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पोलिसांच्या संशयाचा इतिहास मी वर सांगितलाच. फरक एवढाच की हवालदाराला बक्कल नंबर असतो. त्याने उगाच थांबवलं तर तो नंबर लिहून घेता येतो, साहेबाकडे तक्रार करता येते, कोर्टात त्याला पिंजऱ्यात उभं करून विचारता येतं की बाबा, तुला नेमकं काय दिसलं? तक्रारीचं पुढे काय होतं हा भाग वेगळा. यंत्राने लाल दिवा लावला तर हवालदार म्हणणार, मशीन सांगतंय. मशीनचा ठेकेदार म्हणणार, सूत्र गोपनीय आहे. खातं म्हणणार, निर्णय तर हवालदाराचा होता.

तेव्हा उद्या आपल्या एखाद्या स्थानकासाठी अशी निविदा निघाली, तर तिच्यात मला आधी एक साधी नोंदवही शोधायची आहे. यंत्राने थांबवलेल्या आणि काहीही न सापडलेल्या माणसांची. तारीख, वेळ, किती मिनिटं थांबवलं, त्याची कुठली गाडी चुकली. ती वही कोण लिहिणार आणि कोणाला वाचायला मिळणार, हे निविदेत लिहिलेलं नसेल तर पुढची पानं उलटायची गरज नाही.

मामांना मी हे सगळं ऐकवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांना वाई-पाचगणी गाडीतली एक बाई आठवली. खिडकीबाहेर बघत होती, घसा खाकरत होती. चारचौघांत तिकीट दाखवायला लावलं. तिने मुठीतून चुरगळलेलं तिकीट काढलं, अगदी बरोबर टप्प्याचं. सॅनेटोरियमला नवऱ्याला बघायला चालली होती.

"रडत होती रे," मामा म्हणाले. "मला वाटलं, तोंड चुकवतेय."